व्हिक्टोरियाकाळाच्या आरंभीचे वैद्यक : लंडन, मुंबई आणि वऱ्हाड

२० जून १८३७ रोजी व्हिक्टोरिया राणी इंग्लंडच्या गादीवर आली. त्या दिवशी लंडनच्या नामांकित डॉक्टरकडे असलेली औषधे आणि वऱ्हाडातल्या एखाद्या जाणत्या वैद्याच्या बटव्यातली औषधे यांत रोग बरा करण्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर नव्हते. हिवतापावर क्विनाइन आणि देवीवर लस, ही दोन खात्रीची साधने पाश्चात्त्य वैद्यकाकडे होती. बाकी सगळा भर रक्त काढण्यावर, जळवा लावण्यावर, पाऱ्याच्या औषधांवर आणि जुलाबावर. पुढच्या वीस-एकवीस वर्षांत, म्हणजे १८५८ पर्यंत, या औषधांच्या यादीत थोडीच भर पडली. तरीही वैद्यकाच्या इतिहासात हा काळ मोठा मानला जातो, कारण याच काळात मरणांची मोजणी सुरू झाली, सूक्ष्मदर्शकाखाली शरीर दिसू लागले, वेदनेशिवाय शस्त्रक्रिया होऊ लागली आणि रोग पाण्यातून पसरतो हे आकड्यांनिशी मांडले गेले. यांतल्या बहुतेक गोष्टी आधी छापील पुस्तकात किंवा पुस्तिकेत आल्या आणि गावापर्यंत पोचायला त्यांना पन्नास-शंभर वर्षे लागली.

मराठी मुलखाचा या काळाशी असलेला संबंध मुख्यतः मुंबईतून आहे. अचलपूर, चांदूर बाजार, अमरावती, अकोला हा सारा वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यामुळे वऱ्हाडाला नव्या वैद्यकाच्या दोन वाटा होत्या. एक हैदराबादेची, जिथे १८४६ मध्ये निजामाच्या आश्रयाने रेसिडेन्सीचे सर्जन मॅक्लीन यांनी वैद्यकशाळा काढली आणि तीत शिक्षण उर्दूतून दिले. दुसरी मुंबईची, जिथे शिक्षण इंग्रजीतून होते. मराठीतून शिकवण्याचा प्रयत्न मुंबईत त्याआधीच होऊन गेला होता. १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मराठी आणि गुजरातीतून शिकवणारी वैद्यकशाळा निघाली, पण १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. ती बंद पडणे हे मराठी वैद्यकाचे मोठे नुकसान होते; मराठीचा वर्ग पुन्हा सुरू व्हायला १८६१ साल उजाडावे लागले.

या काळातले पहिले महत्त्वाचे प्रकाशन म्हणजे एक सरकारी अहवाल. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूची नोंद करण्याची सरकारी व्यवस्था सुरू झाली आणि १८३९ मध्ये तिचा पहिला वार्षिक अहवाल निघाला. त्याला जोडलेले विल्यम फार यांचे पत्र आज रोगांच्या संख्याशास्त्राचा पाया समजले जाते. मृत्यूचे कारण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिले तर तुलना होणार नाही, म्हणून रोगांची नावे आणि वर्ग ठरलेले हवेत, हा त्यांचा आग्रह होता. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी कष्टकऱ्यांच्या राहणीमानावरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली एक तुलना फार गाजली: मँचेस्टरमध्ये सुशिक्षित व्यावसायिक कुटुंबांतल्या माणसांचे मरणसमयीचे सरासरी वय ३८, तर मजुरांच्या कुटुंबांत ते अवघे १७. रटलंड या खेड्यापाड्यांच्या परगण्यात मात्र मजुरांचा आकडा ३८ होता. म्हणजे खेड्यातला मजूर शहरातल्या वकील-डॉक्टराइतका जगत होता. गरिबी दोन्हीकडे होती; फरक पडत होता तो घाण, दाटी आणि गटार यांमुळे. चॅडविक यांना रोगाचे खरे कारण कळले नव्हते. दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो, असेच ते मानत. पण त्यांच्या अहवालामुळे १८४८ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला आणि स्वच्छता हे सरकारचे काम ठरले.

फार यांची कल्पना वऱ्हाडात गावच्या कोतवालाच्या रूपाने आली. इंग्रजी अमलात गावोगावी कोतवालाने जन्म आणि मृत्यू नोंदवायचे, अशी पद्धत बसली. ती नोंदवही म्हणजे ‘कोतवाल बुक’. तिच्यातली मृत्यूची कारणे ढोबळ होती, कारण लिहिणारा वैद्यकातला जाणकार नव्हता. तरीही त्या वह्या टिकल्या. आज अमरावती जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत जातप्रमाणपत्रासाठी पणजोबाच्या जन्माची किंवा मृत्यूची नक्कल काढायला जी रांग लागते, ती याच वह्यांसाठी. रोग मोजण्यासाठी निघालेली नोंद माणसाच्या हक्काचा पुरावा झाली, आणि तिचा हा उपयोग कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाच्या मनात नव्हता.

दुसरी मोठी घडामोड सूक्ष्मदर्शकाची. काचांचे दोष दूर झाल्याने १८३० नंतर सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसू लागले होते. जर्मनीत १८३८ मध्ये श्लायडन यांनी वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांबद्दल सिद्ध केले की सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. १८४० मध्ये हेन्ले यांनी साथीचे रोग सजीव जंतूंमुळे होत असावेत असा तर्क मांडला. तो खरा ठरायला चाळीस वर्षे गेली. १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांची आणि त्यांच्या टोकाला असलेल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची रचना वर्णन केली. त्याआधी रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि मेल्यावर दिसणारे खराब मूत्रपिंड यांची सांगड घातली होती. लघवी चमच्यात तापवायची आणि ती गढूळ होते का ते पाहायचे, इतकी साधी त्यांची परीक्षा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजारांची तक्रार आज घरोघरी ऐकू येते. त्या आजारांची पहिली ओळख या दोघांच्या लिखाणात आहे.

मुंबईत हे सारे वाचले जात होते. ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था १८३५ मध्ये स्थापन झाली आणि १८३८ पासून तिचे निबंधसंग्रह निघू लागले. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांमधले सर्जन आपल्या रुग्णांच्या हकिगती आणि आपल्या भागातल्या साथींची वर्णने या संग्रहांसाठी पाठवत. या लेखनाचे मोल मोठे आहे. लंडनमध्ये ज्या रोगांची नावेही कोणी ऐकली नव्हती त्यांची पहिली नीट वर्णने यांत सापडतात. रुग्णांची नावे मात्र त्यांत क्वचितच येतात. ज्यांच्या शरीरावरून हे ज्ञान उभे राहिले ते शिपाई, हमाल आणि कैदी बहुधा निनावीच राहिले.

सोसायटीमागचे प्रमुख नाव चार्ल्स मोरहेड यांचे. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांना एतद्देशीयांसाठी वैद्यक महाविद्यालय हवे होते, पण १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी वर्गणी जमवली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. ३ जानेवारी १८४३ रोजी रुग्णालयाची कोनशिला बसली आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मोरहेड पहिले प्राचार्य. पीट शरीररचना व शस्त्रक्रिया आणि जिराड रसायनशास्त्र शिकवत. खाटेजवळ उभे करून रुग्ण दाखवत शिकवायचे, हा मोरहेड यांचा आग्रह. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा, गोव्याकडचे लिस्बोआ आणि कार्व्हालो, आणि पारशी तरुण होते. आत्माराम पांडुरंगांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. लिस्बोआ वनस्पतिशास्त्रात नावारूपाला आले. मोरहेड यांनी जे. जे. मधल्या रुग्णांच्या नोंदींवरून लिहिलेला ‘क्लिनिकल रिसर्चेस ऑन डिसीज इन इंडिया’ हा दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ताप, हगवण, यकृतातले गळू यांवरची त्यातली प्रकरणे रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लिहिलेली आहेत, हे ती वाचताना जाणवते. मुंबईतून इंग्लंडला गेलेले हे त्या काळातले सर्वांत भरीव वैद्यकीय लेखन.

कलकत्त्याहून त्याआधीच एक महत्त्वाचे लेखन गेले होते. विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर त्यांनी त्याचा वापर केला. धनुर्वात, संधिवात, बालकांचे झटके आणि पटकी (कॉलरा) यांत त्यांनी तो देऊन पाहिला. रोग बरा झाला नाही तरी आचके आणि वेदना कमी होतात, असे त्यांना दिसले. या देशात पिढ्यान् पिढ्या वापरात असलेले द्रव्य युरोपच्या औषधकोशात गेले ते या निबंधामुळे. याच डॉक्टरांनी १८३१-३२ मध्ये, विद्यार्थिदशा नुकतीच संपलेली असताना, पटकीच्या रुग्णाच्या रक्तातले पाणी आणि क्षार कमी झालेले असतात हे दाखवले होते. त्यावरून स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचे पाणी दिले आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. ही दिशा बरोबर होती, पण कोणी ती पुढे नेली नाही. व्हिक्टोरियाकाळातल्या डॉक्टरांनी त्यानंतरही पटकीच्या रुग्णाचे रक्त काढणे चालूच ठेवले. ज्याच्या शरीरातले पाणी आटले आहे त्याचेच रक्त काढणे ही त्या काळातली सर्वांत घातक चूक म्हणावी लागेल.

भूल देण्याचा शोध मात्र झपाट्याने पसरला. १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल संमोहनाने वेदना थांबवून मोठमोठ्या गाठी काढत होते आणि त्यावर त्यांनी १८४६ मध्ये पुस्तकही लिहिले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला अमेरिकेत बोस्टन येथे ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली. २१ डिसेंबरला लंडनमध्ये लिस्टन यांनी ईथरखाली पाय कापला. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मवरची पुस्तिका काढली. ईथर हिंदुस्थानात १८४७ मध्येच आले आणि क्लोरोफॉर्म १८४८ मध्ये. संमोहनाची गरज संपली. ७ एप्रिल १८५३ रोजी खुद्द राणीने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले. ते देणारे डॉक्टर जॉन स्नो.

क्लोरोफॉर्मने काही रुग्ण अचानक दगावत, आणि त्याचे कारण काय हा वाद पुढे चाळीस वर्षे चालला. तो सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले आणि पैसा निजामाने दिला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचाच होता. हृदयाला धोका नाही, धोका श्वास थांबण्याचा आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो चुकीचा ठरला.

भूल आली तरी शस्त्रक्रियेनंतरचा पू आणि ताप गेला नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या सेमेल्वाइस यांनी बाळंतिणींच्या दालनात येण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर असलेले बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत शेकडा २ च्या आसपास आले. त्यांनी आपले पुस्तक १८६१ पर्यंत छापले नाही आणि छापले तेव्हा ते ऐकणारे थोडेच होते. चांगला शोध वेळेवर न लिहिल्याची किंमत हजारो बायकांनी मोजली.

या काळातले सर्वांत महत्त्वाचे लेखन पटकीवरचे आहे, आणि त्याची मुळे हिंदुस्थानात आहेत. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत आणि मुंबईत आली, आणि पुढे युरोपात पोचली. मराठी गावांत या रोगाला पटकी, महामारी म्हणत. वेशीवर मरीमायचे ठाणे उभे राहिले, कारण साथ वेशीवरून गावात शिरते हे लोकांनी पाहिले होते. त्या निरीक्षणात तथ्य होते. साथ माणसांबरोबर, वाटांनी आणि जत्रांतून पसरत असे. पंढरपूरच्या वाऱ्यांवर सरकारने पुढे जी नजर ठेवली ती याचसाठी.

जॉन स्नो यांनी १८४९ मध्ये पटकी कशी पसरते यावर एक छोटी पुस्तिका काढली. त्यांचा मुद्दा सरळ होता. रोग सुरू होतो पोटात. म्हणजे रोगाचे विष तोंडावाटे गेले पाहिजे, आणि रुग्णाच्या शौचातून ते पाण्यात मिसळत असले पाहिजे. फार यांच्यासह बहुतेक तज्ज्ञ तेव्हा हवेला दोष देत होते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी मृतांची घरे हिंडून पाहिली आणि पंपाचा दांडा काढायला लावला. ८ सप्टेंबरला तो निघाला तेव्हा साथ ओसरू लागलीच होती, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत रंगवून सांगितली जाते, पण त्यांचा खरा पुरावा दुसराच होता. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी होते. एका कंपनीचे पाणी शहराची घाण मिसळलेल्या थेम्सचे, दुसरीचे वरच्या अंगाचे. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले, दुसरीच्या घरांमागे ३७. घरे तीच, हवा तीच, माणसे त्याच थरातली. वेगळे होते ते फक्त पाणी. १८५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे आकडे आले. फार यांनी १८६६ च्या साथीत स्वतःच्या आकड्यांवरून स्नो यांचे म्हणणे मान्य केले. स्नो तोवर वारले होते. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पाचिनी यांनी १८५४ मध्येच पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवला होता, पण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यात तो दाखवला तेव्हा वाद मिटू लागला. आज वऱ्हाडातल्या बहिरमच्या जत्रेआधी किंवा पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, ती स्नो यांच्या त्या पुस्तिकेतल्या युक्तिवादावर.

महारोगाची (कुष्ठरोगाची) हकिगत मुंबईशी आणि वऱ्हाडाशी आणखी जवळून जोडलेली आहे. नॉर्वेच्या डॅनिएलसेन आणि बोक यांनी १८४७ मध्ये या रोगावर सचित्र ग्रंथ काढला. इतर त्वचारोगांपासून महारोग वेगळा ओळखता येऊ लागला तो तेव्हापासून. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या मौआट यांनी चालमोगऱ्याच्या तेलावर निबंध लिहिला. मुंबईत भाऊ दाजींनी त्याच जातीच्या, कोकणात मिळणाऱ्या कडू कवठाच्या बियांच्या तेलाने रुग्णांवर उपचार केले. त्यांनी बराच काळ हे औषध उघड केले नाही, आणि एवढ्या मोठ्या संशोधकाच्या हातून ही उणीव राहिली हे नमूद करणे आवश्यक आहे. हेन्री व्हँडाइक कार्टर हे तिसरे नाव. ‘ग्रेज ॲनाटमी’ या शरीररचनेवरच्या पुस्तकाची ३६३ चित्रे त्यांनी काढली. १८५८ मध्ये ते पुस्तक लंडनला निघाले तेव्हा कार्टर मुंबईत ग्रँट वैद्यक महाविद्यालयात शिकवत होते. पायात गाठी होऊन त्यांतून दाणे वाहणाऱ्या रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांनीच दिले. साताऱ्याला सिव्हिल सर्जन असताना त्यांनी महारोगाचा अभ्यास केला आणि पुढे नॉर्वेला जाऊन तिथली रुग्णालये पाहिली. अचलपूरजवळच्या कोठारा येथे आजही चालू असलेले कुष्ठरुग्णालय आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेले तपोवन या दोन संस्थांनी जे काम केले त्याचे वैद्यकीय बीज या लिखाणात आहे. रोग्याला जवळ करण्याचे धाडस मात्र कोणत्या पुस्तकातून आले नाही.

राहिला नारू. पायातून हातभर धागा निघणारा हा रोग मराठी गावांत पायऱ्यांच्या विहिरींवर पाणी भरणाऱ्यांना होत असे, आणि धागा काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, हा त्यावरचा जुना उपाय. मुंबईचे दुसरे कार्टर, सर्जन हेन्री जॉन कार्टर, यांनी १८५० च्या दशकात नारूच्या जंताची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी करून मुंबई सोसायटीच्या संग्रहात लिहिले. तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म किडे आणि नारू यांचा संबंध त्यांना जाणवला होता. पुढे १८७० च्या सुमारास रशियाच्या फेडचेंको यांनी पाण्यातला सायक्लोप्स हा बारीक जीव त्याचा वाहक असल्याचे शोधून काढले. नारूवर खात्रीचे औषध अजूनही निघालेले नाही, लसही नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाणी फडक्याने गाळून पिण्याची सवय लागली, आणि गावोगाव प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.